फी माफ झाली, पण पुण्यातलं राहणं-खाणं कुठनं भागवायचं?

करवीरचा_बाप

नमस्कार मंडळी. थोरलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेशफेरीतनं) सीट मिळाली. एसईबीसीतून, म्हणजे मराठा आरक्षणातनं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यामुळं २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. गावात जो तो म्हणतोय, "तुझं काय बाबा, फुकटात इंजिनिअर."

फुकट कुठलं? कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही. बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेला, महिन्याला साडेसहा हजार, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. दोन वेळची मेस पावणेचार हजार. सकाळचा नाश्ता, बस, रिचार्ज, झेरॉक्स, बायकांचं सामान, दुखणंखुपणं धरलं की तेरा हजारांच्या खाली काही उतरत नाही. कॉलेजची डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ भरणा वेगळाच.

मी शिरोली एमआयडीसीत कामाला, हातात २७ हजार. सव्वा एकर ऊस, एक म्हैस. धाकटा दहावीत. बायको म्हणते माझ्या पाटल्या मोडा. भाऊ म्हणतो शैक्षणिक कर्ज काढ. आई म्हणते पोरीला कोल्हापुरातच घाल. ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी सांगा, दर महिन्याला हे कसं बसवता?

गुळाची_ढेप

पहिल्यांदा पेढे! सीट सोडायची नाही, आईंना तेवढं समजावा.

आता हिशोब. पुण्याचा रूममालक भाडं मागणार महिन्याच्या पाच तारखेला. तुमचा ऊस तुटणार डिसेंबर-जानेवारीत, पहिली उचल (बिलाचा पहिला हप्ता) त्यानंतर, आणि बिलातनं सोसायटीच्या कर्जाची वसुली आधीच कापलेली. दुधाचं बिल दहा दिवसांनी, ते पण म्हैस आटली की बंद. पगार तेवढा महिन्याचा. म्हणजे पैसा येतोय, पण पुण्याच्या तारखेला येत नाही. आमच्याकडं दोन पोरं बाहेर शिकली, सगळी ओढाताण इथंच झाली.

सव्वा एकरात पन्नास टनांच्या आत-बाहेर ऊस धरा. टनाला तीन हजारांच्या वर दर आहे. सोसायटी, खतं, लागण-भांगलण वजा जाता सत्तर-ऐंशी हजार सुटले तर चांगलं म्हणायचं. ते दहा महिन्यांवर वाटलं की महिन्याला सात-आठ हजार झाले. उरलेले पाच-साडेपाच पगारातनं आणि दुधातनं. जमतंय की नाही?

फक्त उसाचं बिल घरच्या खात्यावर ठेवायचं नाही. वेगळं खातं काढा, बिल तिकडं वळवा आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या: दर एक तारखेला पोरीच्या खात्यावर ठरलेली रक्कम. घरच्या खात्यावर पडलं की कुणाचं तरी लग्न निघतं, नाहीतर ट्रॅक्टरचा हप्ता निघतो.

अडचण आहे ती पहिल्या वर्षी. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रवेश, ऊस जानेवारीत. पाच महिन्यांचे पासष्ट हजार आणि डिपॉझिटचे तेरा, म्हणजे पाऊण लाखाचा खड्डा. तो एकदा भरला की पुढं उसाच्या मागनं ऊस चालत राहतो.

करवीरचा_बाप

गुळाची ढेप, हे कुणीच असं मांडून दाखवलं नव्हतं. बरोबर पाऊण लाखालाच अडलंय. बाकी वर्षाचं आम्ही ओढू. भिशी आहे, पण माझा नंबर मार्चमध्ये.

हिशोबनीस_राजारामपुरी

मी टॅक्सचं काम करते, त्यामुळं जरा लांबेल.

आधी योजना. मराठा, ईडब्ल्यूएस वगैरे मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आई-वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असावेत आणि मूल व्यावसायिक अभ्यासक्रमाला असावं. तुमचा सव्वा एकर म्हणजे तहसीलदारांकडून अल्पभूधारक दाखला मिळायला हरकत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. हा भत्ता राहण्या-खाण्यासाठीच आहे आणि फीमाफी घेतलेल्यांनीही त्याचा अर्ज भरायचा असतो. अर्धे पालक इथंच थांबतात, त्यांना वाटतं एकच काहीतरी मिळतं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार, त्यात भोजनाचे ३२, निवासाचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार. आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, त्याच धर्तीवर.

आता कडू भाग. ही रक्कम महिन्याच्या खर्चात धरू नका. हप्ते उशिरा पडतात, कधी पुढच्या वर्षीही. आली की डिपॉझिट, लॅपटॉप, पुढच्या वर्षाची तयारी यात घाला. दुसरं, पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यावर जातात. अर्जात कुठलं खातं लिहिलंय याला अर्थ नाही. पोरीचं आधार शाळेतल्या जुन्या खात्याला चिकटलेलं असतं आणि ते खातं बंद पडलेलं असतं. आधी बँकेत जाऊन सीडिंग (आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते) तपासा. पतसंस्थेचं खातं यात चालत नाही.

बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पहिली तीन वर्षं १२ हजार आणि इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षी २० हजार. पण फीमाफी किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती चालत नाही. तुमच्यासाठी फीमाफीच फायद्याची.

सुकन्या खातं आहे का? दहावी पास झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीला असलेल्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत शिक्षणासाठी काढता येतात. एकरकमी, नाहीतर वर्षाला एक असे जास्तीत जास्त पाच हप्ते. मेख अशी की संस्थेनं मागितलेल्या फीइतकीच रक्कम सुटते. फी माफ असल्यावर हातात थोडंच येईल.

कर्जाचं उद्या लिहिते, आत्ता क्लायंट आलेत.

आक्का_गडहिंग्लज

पाटल्यांचं मी सांगते. मोडू नका हो! घडणावळ बुडते, परत करायला गेलं की दुप्पट पडतं. अगदीच पाऊण लाखाला अडलं असेल तर तारण ठेवा आणि मार्चची भिशी लागली की त्याच दिवशी सोडवून आणा. त्या दिवशी नाही सोडवल्या तर मग त्या लॉकरमध्येच राहतात, आमच्या घरात तसंच झालंय एकीचं.

दुसरं, कॉट बेसिसपेक्षा ओळखीच्या चार मुली मिळून फ्लॅट बघा. आमच्या भागातल्या चार घरांनी तसंच केलं आणि एकीची आत्या तिथं राहायला गेली. विधवा बाई, गावात एकटीच होती. चारही घरं तिला महिन्याला ठरलेलं देतात, धान्य इथनं जातं: आजऱ्याचा तांदूळ, ज्वारीचं पीठ, चटणी, गूळ, शेंगदाणे. पोरींना घरचं जेवण आणि आयांना झोप. मेसचे पैसे वाचतात म्हणण्यापेक्षा आजारपणाचे वाचतात. पहिल्या वर्षी माझ्या पोराला मेसच्या तेलानं जी कावीळ-पित्त-पोट मालिका लागली, तिचं बिल मेसच्या बिलाइतकंच होतं.

तिसऱ्या_वर्षातली

मी इथं फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. मी कागलची, पुण्यात तिसऱ्या वर्षाला.

काका, किती पाठवता यापेक्षा कसं पाठवता ते आधी ठरवा. माझ्या रूमवर तिघी. एकीला घरून महिन्याला पंधरा हजार येतात, पण दर वेळी फोन करून मागावे लागतात. मग पप्पा विचारतात मागचे कुठं गेले, मम्मी म्हणते जपून, आणि मग पैसे पडतात. ती काय करते? मेसचे पैसे भरायला उशीर करते, मैत्रिणींकडनं उसने घेते आणि घरी सांगत नाही. मला अकराच हजार येतात. पण एक तारखेला न मागता येतात. मला माहीत असतं की एवढ्यात भागवायचंय, आणि भागतं.

पहिल्या महिन्यात जास्त लागतात हे पण लक्षात ठेवा. गादी, बादली, एक्स्टेंशन बोर्ड, टेबल फॅन, ड्राफ्टर, एप्रन, कॉलेजचे टी-शर्ट. ते तेरा हजारांत बसणार नाही. आणि परीक्षेच्या महिन्यात पण. मेस बंद असते, बाहेर खावं लागतं.

गावी येण्याजाण्याचं टेन्शन घेऊ नका, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

चप्पल_लाईन

ताई म्हणाली ते ठीक, पण बापानं विचारायचंच नाही का? मी पोराला यूपीआय सर्कलवर घेतलंय. खातं माझं, फोन त्याचा. महिन्याला १५ हजारांपर्यंत मर्यादा लावता येते, प्रत्येक खर्च मला दिसतो. चोख काम.

तिसऱ्या_वर्षातली

काका, राग मानू नका. रात्री अकराला तो वडापाव खातो ते पण तुम्हाला दिसतं ना? तो मित्राच्या फोनवरनं पैसे देतो आणि मित्राला रोख देतो. आमच्या वर्गातले निम्मे असंच करतात. तुम्हाला जे दिसतं ते तुम्हाला दाखवायचं म्हणून ठेवलेलं असतं.

चप्पल_लाईन

😀 संध्याकाळी विचारतो त्याला.

जुना_बोर्डर

मी निवृत्त शिक्षक. आपल्या कोल्हापूरला वसतिगृहांची जननी उगीच म्हणत नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ चं मिस क्लार्क हॉस्टेल त्यातलंच. महाराजांना त्या काळी कळलं होतं की शाळेची फी माफ केली तरी खेड्यातलं पोर शहरात जेवणार कुठं आणि झोपणार कुठं, हा प्रश्न राहतोच. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनीच पुढं पोरांना कमवा आणि शिका म्हणून उभं केलं.

गुळाची_ढेप

सर, इतिहास एक नंबर, पण पुण्यात कॉट कुठं मिळंल ते सांगा.

जुना_बोर्डर

तेच सांगत होतो, दम धर की! पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, १९५५ पासून. ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींची वसतिगृहं चालवतात. अर्ज, मुलाखत, घरच्या परिस्थितीची चौकशी असं सगळं असतं आणि शिस्त कडक. आमच्या शाळेतली मुलं तिथं राहून शिकली आहेत. या वर्षी जागा भरल्या असतील, तरी दुसऱ्या वर्षासाठी आत्ताच चौकशी करून ठेवा. समाजाच्या, ट्रस्टच्या वसतिगृहांतही सप्टेंबरनंतर जागा सुटतात. मुलं शेवटच्या फेरीत दुसरीकडं प्रवेश घेऊन जातात. सगळे ऑगस्टमध्ये फोन करतात. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात परत एकदा करा.

विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेचंही कॉलेजात विचारा. लायब्ररीत, ऑफिसात तासांवर काम मिळतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मात्र घालू नका, प्रॅक्टिकल आणि सबमिशनमध्ये पोरगी मेटाकुटीला येते.

हिशोबनीस_राजारामपुरी

कर्जाबद्दल. लोकांचा समज असतो की शैक्षणिक कर्ज फक्त फीसाठी. तसं नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, प्रवास यांचाही त्यात समावेश होतो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि देशातल्या शिक्षणाला मार्जिनही (खर्चातला आपला वाटा) नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. शिकत असताना दर महिन्याला व्याज भरत राहिलात तर बऱ्याच बँका दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. १० टक्के दर धरला तर ८० हजारांवर महिन्याला साडेसहाशे-पावणेसातशे व्याज होतं. तेवढं तुम्ही भरू शकता.

अट एकच, उचल सेमिस्टरप्रमाणं घ्या. मंजूर चार लाख झाले म्हणून चार लाख उचलायचे नाहीत. कॉलेजकडून राहण्या-जेवणाच्या खर्चाचं पत्र किंवा अंदाजपत्रक घ्या, बँक तेच मागते. खासगी रूमचं भाडं असेल तर करारपत्र आणि पावत्या लागतात, म्हणून भाडं रोख देऊ नका.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. देशातल्या निवडक संस्थांतल्या मुलांना तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत. सरकारची दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत असेल तर ही सवलत मिळत नाही, म्हणून फीमाफीवाल्यांनी बँकेत स्पष्ट विचारून घ्यावं. आणि आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहावं, कॉलेजातल्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

टॅक्सवाल्यांसाठी एवढंच: जुन्या करप्रणालीत ट्यूशन फीची वजावट मिळते, होस्टेल-मेसची नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची मात्र मिळते, आठ वर्षांपर्यंत.

बाप_जर्मनीचा

आमचा मुलगा आखेनला मास्टर्सला आहे. तिकडची पद्धत सांगतो, विषय तोच आहे. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना पालकानं वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरायचे असतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो. सगळी रक्कम मुलाचीच, पण त्याला महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. पहिल्यांदा मला चीड आली, एवढी मोठी रक्कम आधी उभी करायची म्हणजे काय! आता वाटतं डोकं लावलंय. महिनाअखेरीला त्यानं कधी फोन केला नाही. गुळाची ढेप सांगतायत ते वेगळं खातं आणि एक तारखेची इन्स्ट्रक्शन, ती हीच गोष्ट झाली की.

पन्हाळ्याची_लेक

एक बोलू का? गेल्या वर्षी अशाच एका चर्चेत मुलगा बेंगळुरूला निघाला होता. तिथं कुणी म्हणालं नाही की त्याला कोल्हापुरातच घाल. वीस हजारांचा पीजी लागतो म्हटल्यावर लोकांनी लिंका दिल्या. इथं पोरीचा विषय निघाला की आजी, पाटल्या, आत्या सगळे आले. करवीरदादा, तुमच्याबद्दल नाही म्हणत, तुम्ही पाठवताय. पण धाकट्याच्या वेळी पैसे "राखून" ठेवायचा विचार घरात कुणी काढला तर तेवढं बघा. माझ्या वेळी काढला होता.

करवीरचा_बाप

ताई, खरं सांगायचं तर काढला. आईनं. मी काही बोललो नाही, पण आता बोलतो.

आक्का_गडहिंग्लज

पन्हाळ्याची लेक, आत्या आली ती पोरांच्या फ्लॅटवर पण असतीच हो. पण बाकीचं बरोबर आहे तुझं.

सांगली_रोड

मधेच एक प्रश्न. आमच्या पोराच्या पीजीवाल्यानं पावतीवर जीएसटी लावलाय, भाडं साडेआठ हजार. द्यायचा का?

हिशोबनीस_राजारामपुरी

नाही. जून २०२४ च्या जीएसटी कौन्सिलनंतर माणशी महिन्याला २० हजारांपर्यंतच्या निवासावर जीएसटी नाही, मात्र सलग किमान ९० दिवसांचं राहणं हवं. विद्यार्थी तर वर्षभर राहतो. करारात कालावधी लिहून घ्या आणि पावती बदलून मागा.

त्याच करारात डिपॉझिट किती दिवसांत परत आणि लॉक-इन (रूम सोडता न येण्याची मुदत) किती महिन्यांचं हेही लिहून घ्या. राहायला जाताना भिंती, गादी, नळ यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. वर्षाच्या शेवटी रंगाचे म्हणून अर्धं डिपॉझिट कापायची पद्धत आहे.

करवीरचा_बाप

मंडळी, रविवारी घरात बसून ठरवलं. पोरीला पण बसवलं, तिनंच वहीवर आकडे मांडले.

पाटल्या मोडायच्या नाहीत, तारणही नको म्हणाली आई; तिनंच तिची पोस्टातली ठेव काढून डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं सामान द्यायचं कबूल केलं. (तीच आई, हो.) उरलेल्या साठ-पासष्ट हजारांसाठी शैक्षणिक कर्ज, व्याज दर महिन्याला मी भरणार. ऊस गेला की त्याचं वेगळं खातं. दुधाचं बिल घरखर्चाला, म्हैस आटली तरी पोरीचं अडायला नको. बायकोला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, ते आरडीत टाकायचे आणि परीक्षेच्या महिन्यात काढायचे. पंजाबराव भत्त्याचा अर्ज भरलाय, आला तर लॅपटॉप.

रक्कम १२ हजार ठरली, १३ नाही. तिनंच एक हजार कमी केले, चालत जाता येईल अशी रूम बघितली म्हणून. एक तारखेला पडणार, हिशोब मी विचारणार नाही. तीन महिन्यांनी दिवाळीला आली की बसून बघायचं वाढवायचे का.

आता शेवटचं विचारतो. मेसवाल्या काकू म्हणतात महिन्याचे पैसे आधी, खाडे धरत नाही. शनिवार-रविवार ती गावी आली तरी पैसे कापणार नाहीत. सगळीकडं असंच आहे काय?

तिसऱ्या_वर्षातली

नाही काका. सलग तीन-चार दिवस नसलं आणि आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक मेसवाले खाडे धरतात, एक-दोन दिवसांचे नाही. दिवाळीच्या सुट्टीचे तर धरायलाच लावायचे. आणि महिन्याऐवजी कूपनवाली मेस मिळते का बघायला सांगा, साठ कूपनं घ्यायची आणि खाईल तेवढी फाडायची. आमच्या गल्लीत आहे एक, तिला माझ्याशी बोलायला सांगा, पत्ता देते.

करवीरचा_बाप

सांगतो पोरी. गुरुवारी पुण्याला सोडायला येतोय, तेव्हा तिच्यासोबत तुझ्यासाठी पण भडंगाचा डबा पाठवतो.